जिव्हावेधजन्य संसर्ग

जिव्हावेधजन्य संसर्ग : अलंकार धारण करण्यासाठी जिभेला आरपार छिद्र पाडण्याच्या क्रियेस जिव्हावेध किंवा सामान्य भाषेत जीभ टोचणे असे म्हणतात. या छिद्रातून सूक्ष्मजंतूंचा शिरकाव होऊन जिभेच्या व तिच्या भोवतालच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहांत) जो शोथ (दाहयुक्त सूज) उद्‌भवतो, त्याला जिव्हावेधजन्य संसर्ग म्हणता येईल. बहुसंख्य रुग्णांत तो जिभेपुरता मर्यादित राहतो व साध्या उपचारांनी बरा होतो. क्वचित तो जिभेखालच्या पोकळ्यांत उतरून काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो किंवा रक्तावाटे हृदय व मेंदू या दूरच्या इंद्रियांपर्यंत पोहोचतो. या दोन प्रकारांतील भेद वेळीच ओळखणे आणि दागिना काढावा की ठेवावा याचा निर्णय घाईने न करणे, या दोन गोष्टींवर रुग्णाचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते.

जीभ टोचण्याची प्रथा नवी नाही, परंतु जुन्या प्रथेचे स्वरूप निराळे होते. मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीत राजकुलातील व्यक्ती देवतांना स्वतःचे रक्त अर्पण करीत. मेक्सिकोतील याश्चिलान येथील एका द्वारपट्टावर राणी काबाल शोक ही काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढीत असून राजा तिच्यावर मशाल धरून उभा आहे, असे शिल्प कोरलेले आहे. त्यावरील लेखात इ. स. ७०९ मधील विधीचा उल्लेख असून हा शिल्पपट्ट सध्या लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तमिळ समाजात थैपूसम या उत्सवात मुरुगन देवाचे काही भक्त नवसापोटी जिभेतून व गालांतून धातूच्या शलाका आरपार घालून घेतात. तमिळनाडूप्रमाणेच मलेशिया व सिंगापूर येथेही ही प्रथा पाळली जाते. या विधींमध्ये शलाका त्याच दिवशी काढली जाते आणि जखमेला भरून येण्यास वाव मिळतो. अलंकारासाठी केलेल्या जिव्हावेधात याच्या अगदी उलट घडते. तेथे जखम मिटू नये हाच हेतू असतो व परकी वस्तू महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, तेथेच राहते. संसर्गाच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

अलंकारार्थ जिव्हावेध विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम अमेरिकेत व नंतर यूरोपात रूढ झाला. लॉस अँजेल्स येथे १९७८ मध्ये शरीरवेधनाचे स्वतंत्र दुकान उघडले गेले आणि त्यानंतर या व्यवसायाचा झपाट्याने प्रसार झाला. १९९४ मध्ये तेथील व्यावसायिकांनी आपली संघटना स्थापून निर्जंतुकीकरणाचे व अलंकारांच्या धातूंचे निकष ठरविण्यास सुरुवात केली. भारतातील मोठ्या शहरांत गोंदण काढून देणाऱ्या आधुनिक दुकानांतून जीभही टोचून मिळते. आपल्याकडे कान-नाक टोचण्याचे काम परंपरेने सोनार करीत आला आहे. त्या कामाच्या सवयीमुळे जीभ टोचणे हेही तितकेच किरकोळ, असा समज होण्याचा संभव असतो. तो चुकीचा का आहे, हे जिभेच्या रचनेवरून लक्षात येते.

कानाची पाळी म्हणजे त्वचा व मेद यांचा पातळ पडदा. तिच्या आसपास कोणतेही मर्मस्थान नाही. तीत पू झाला, तरी तो बाहेरच वाहतो. जीभ मात्र एकमेकींत गुंफलेल्या स्नायूंची जाड राशी आहे. तिच्या मध्यरेषेवर तंतुमय ऊतकाचा एक उभा पडदा असून त्यात रक्तवाहिन्या विरळ असतात. म्हणून कुशल व्यावसायिक छिद्र या रेषेवर, जिभेखालच्या बंधाच्या (जीभ वर उचलल्यावर मध्यभागी दिसणाऱ्या पडद्याच्या) पुढे पाडतो. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस जिव्हा-रोहिण्यांच्या शाखा व तंत्रिका (मज्जा) असतात. जीभ उचलून आरशात पाहिल्यास बंधाच्या दोन्ही बाजूंस निळसर नीला सहज दिसतात. सुई थोडी बाजूला सरकली, तर रक्तस्राव थांबविणे कठीण होते. छिद्राचे खालचे तोंड मुखाच्या तळाकडे उघडते आणि त्या तळाच्या पातळ श्लेष्मकलेखाली (बुळबुळीत अस्तराखाली) सैल ऊतकाने भरलेली जागा असते. संसर्ग तेथे पोहोचला, तर त्याला अडविणारी भक्कम भिंत जवळपास नाही. याखेरीज जिभेतील लसीकेचा (ऊतकांतून पाझरणाऱ्या द्रवाचा) निचरा हनुवटीखालील, जबड्याखालील व मानेतील ग्रंथींकडे होतो. मध्यरेषेजवळच्या भागाचा निचरा दोन्ही बाजूंस होत असल्यामुळे मध्यभागी पाडलेल्या छिद्राच्या संसर्गात मानेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी दुखऱ्या होऊ शकतात.

मुखात सूक्ष्मजंतूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. इतक्या गर्दीत केलेली जखम बहुधा निर्वेधपणे भरून येते, याचे श्रेय जिभेच्या विपुल रक्तपुरवठ्याला आणि लाळेतील जंतुविरोधी पदार्थांना द्यावे लागते. टोचताना साधारणतः १.६ मिमी. जाडीची पोकळ सुई वापरतात व तिच्या मागोमाग दोन्ही टोकांना गोळ्या असलेली दांडी छिद्रात बसवितात. यांतील निदान एक गोळी कुडीच्या फिरकीप्रमाणे आट्यांची असते. पुढे सूज येणार हे गृहीत धरून पहिली दांडी मुद्दाम लांब, सु. २० मिमी. किंवा त्याहून थोडी अधिक, घेतात. पहिले तीन ते पाच दिवस जीभ सुजते, बोलताना शब्द बोबडे येतात, गिळताना दुखते, किंचित रक्त येते आणि छिद्राभोवती पांढुरका किंवा फिकट पिवळा, पातळ, वास नसलेला स्राव दिसतो. हा स्राव म्हणजे पू नव्हे. जखम भरून येताना पाझरणारी लसीका व मृत कोशिका (पेशी) यांचे ते मिश्रण असते. सात ते दहा दिवसांत सूज ओसरते. दरम्यान दोन्ही तोंडांकडून उपकला (आवरण-ऊतक) आत वाढत जाऊन छिद्राच्या बोगद्याला अस्तर तयार होते. ही क्रिया पूर्ण होण्यास चार ते आठ आठवडे लागतात आणि तोपर्यंत ती उघडी जखमच असते.

कारणे : अस्वच्छ सुई, दूषित दागिना व न धुतलेले हात ही संसर्गाची उघड कारणे होत. कान टोचण्यासाठी वापरले जाणारे खटक्याचे यंत्र जिभेला कधीही लावू नये. त्याचा बोथट काटा ऊतक चिरडतो आणि त्याचे प्लॅस्टिकचे भाग दाबाखालील वाफेने निर्जंतुक करता येत नाहीत. परंतु टोचण्याची क्रिया निर्दोष असली, तरी नंतरच्या दिवसांत संसर्ग होऊ शकतो. तंबाखू, मिश्री, गुटखा व धूम्रपान, दातांवरील कीटण, किडलेले दात, दांडीशी सतत बोटांनी किंवा दातांनी केलेला चाळा आणि जखम ताजी असताना झालेला दुसऱ्याच्या लाळेचा संपर्क यांमुळे जंतूंना वाव मिळतो. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणे हेही तितकेच महत्त्वाचे. संसर्गात मुखातील मालागोलाणू, त्वचेवरून व नाकातून आलेले पुंजगोलाणू आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू बहुधा एकत्रितपणे सहभागी असतात. पुवाला येणारी दुर्गंधी मुख्यतः या शेवटच्या गटामुळे येते. दांडीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसतो. धातू कोणता यावरही हे अवलंबून असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोलादी दांड्यांवर काही प्लॅस्टिकांच्या दांड्यांपेक्षा जंतू अधिक आढळले. निकेलयुक्त धातूमुळे काहींना अधिहर्षता (ॲलर्जी) होते. तिची लाली व खाज संसर्गासारखी भासते, पण तीत पू व ताप नसतो आणि प्रतिजैव औषधांनी (अँटिबायॉटिकांनी) तिला उतार पडत नाही.

लक्षणे : प्रारंभीची स्वाभाविक सूज आणि संसर्ग यांत घोटाळा होणे साहजिक आहे. या ठिकाणी काळाचा क्रम सर्वांत उपयोगी पडतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसानंतर सूज उतरावयास हवी. ती उतरण्याऐवजी वाढत असेल किंवा एकदा उतरून पुन्हा चढली असेल, तर संसर्ग गृहीत धरावा. ठणका वाढत जाणे, छिद्राभोवतीची लाली पसरणे, घट्ट पिवळा वा हिरवट दुर्गंधीयुक्त पू येणे, जबड्याखालील ग्रंथी दुखणे व ताप ही इतर लक्षणे होत. पुसल्यास निघणारे दह्यासारखे पांढरे चट्टे दिसल्यास कवकजन्य संसर्गाचा विचार करावा लागतो, विशेषतः प्रतिजैव औषधे आधीच घेतली असल्यास. अनेक महिन्यांच्या, पूर्ण भरलेल्या छिद्रातही संसर्ग होऊ शकतो. जुना दागिना बदलताना अस्तराला झालेली बारीकशी इजा त्याला पुरेशी असते.

पहिली दांडी आखूड असल्यास आणखी एक प्रकार घडतो. सुजलेली जीभ दोन्ही बाजूंनी गोळ्यांवर चढते, गोळी ऊतकात रुतत जाते आणि काही वेळा तिच्यावर श्लेष्मकला जुळून येऊन ती दिसेनाशी होते. बाहेरून पाहणाऱ्यास दागिना पडून गेला असे वाटते. अशा वेळी स्थानिक बधिरता आणून लहानसे शल्यकर्म (शस्त्रक्रिया) करून तो काढावा लागतो. घरी चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

प्राथमिक उपाय : ताप नाही, गिळता येते, श्वास मोकळा आहे व जिभेखालचा भाग मऊ आहे, अशा सौम्य संसर्गात प्रथम तोंड स्वच्छ ठेवण्यावर भर देतात. एक पेला (सु. २५० मिलि.) उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ विरघळवून प्रत्येक खाण्यानंतर व निजताना अर्धा मिनिट सावकाश खळखळून टाकावे. मीठ अधिक घातल्याने अधिक गुण येतो ही समजूत खोटी असून तीव्र द्रावणाने जखमेच्या कडा जळतात. मद्यार्कयुक्त गुळण्या व हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या ऊतकांची हानी करतात, म्हणून ते वर्ज्य होत. हळदीची पूड, तुरटी किंवा लवंगेचे तेल छिद्रात भरण्याचा घरगुती उपायही टाळावा. भुकटीचे कण बोगद्यात अडकून निचरा बंद पडतो. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी धरून ठेवल्यास श्लेष्मकला भाजते व रक्तस्राव वाढू शकतो. बर्फाचे लहान खडे चघळल्याने सूज व ठणका कमी होतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. आहार मऊ व बिनतिखटाचा, जसे पेज, मऊ भात, गार दूध, असा असावा. मऊ कुंचल्याने दात घासणे बंद करू नये. गोळ्यांवर जमलेले कीटण दिवसातून एकदा, हात साबणाने धुतल्यावर, ओल्या निर्जंतुक जाळीदार कापडाने पुसावे. एवढे करूनही दोन दिवसांत निश्चित उतार पडला नाही, तर दंतवैद्य अथवा वैद्याकडे गेले पाहिजे. पू व ताप असल्यास दोन दिवस थांबण्याचेही कारण नाही.

दागिना काढावा काय? संसर्ग झाला की रुग्णाच्या व घरच्यांच्या मनात पहिला विचार दागिना उपटून टाकण्याचा येतो. परकी वस्तू काढली की जखम बरी होईल, हे तर्काला धरून दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेधाचे जे विवेचन आहे, त्यातही हाच मार्ग सांगितला आहे. तेथे छिद्रात कापसाची वात घालून दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करावी असे सुचविले असून, वाकडी वा सदोष सुई, अतिजाड वात किंवा दोषप्रकोप यांमुळे दाह व वेदना झाल्यास वात ताबडतोब काढून ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव व तीळ यांचा मध-तुपातील लेप लावावा आणि जखम भरून आल्यावर पुन्हा टोचावे, असा उपदेश आहे. उघड्या, पातळ पाळीच्या बाबतीत तो समंजसपणाचा होता. जिभेला मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही. जिभेचे ताजे छिद्र दागिना काढल्यावर काही तासांतच मिटू लागते आणि ते आधी वरच्या व खालच्या तोंडाशी मिटते. मधल्या बोगद्यात पू असेल, तर तो तेथेच कोंडला जाऊन विद्रधी (गळू) तयार होतो. दांडी जागेवर असेपर्यंत तिच्या कडेने पू वाहत राहतो, म्हणजे ती एक प्रकारे निचऱ्याच्या नळीचे काम करते. म्हणून सौम्य संसर्गात, दांडी पुरेशी लांब व सैल असल्यास, वैद्याने पाहीपर्यंत ती ठेवावी असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. दांडी तंग झाली असल्यास ती स्वच्छ व लांब दांडीने बदलून घेतात.

हा नियम सरसकट नाही आणि त्याचा अतिरेकही घातक ठरतो. दागिना रुतला असेल, धातूची अधिहर्षता असेल, विद्रधीचे छेदन करावयाचे असेल, संसर्ग मुखाच्या तळाकडे पसरत असेल किंवा श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ आली असेल, तर दागिना काढावाच लागतो. फरक इतकाच, की त्या वेळी निचऱ्याची दुसरी सोय आणि प्रतिजैव औषधांचे संरक्षण वैद्याच्या हाती असते. प्रस्तुत लेखकाच्या मते घरात रागावून किंवा घाबरून दागिना उपटला जाण्याचे मूळ बहुधा लपवाछपवीत असते. आईवडिलांच्या नकळत जीभ टोचून घेतलेली मुलगी किंवा मुलगा प्रथम सूज लपवितो, मग दागिना काढून फेकतो आणि शेवटी वैद्यापुढे ‘जीभ चावली गेली’ असे सांगतो. छिद्र मिटलेले असल्याने निदान चुकते. रुग्णाला दोष न देता, एकांतात, थेट प्रश्न विचारणे हा अशा वेळी तपासणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

वैद्यकीय चिकित्सेत ०.१२ ते ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिवसातून दोनदा, थोडे दिवस देतात. त्या दीर्घकाळ चालू ठेवल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बिघडते. लाली पसरत असल्यास किंवा ताप असल्यास तोंडाने घ्यावयाची प्रतिजैव औषधे लागतात. बहुधा ॲमॉक्सिसिलीन व क्लॅव्ह्युलॅनिक अम्ल यांचे मिश्रण आणि पेनिसिलीन न मानवणाऱ्यांना क्लिंडामायसीन दिले जाते. उरलेल्या जुन्या गोळ्या मनाने घेणे दोन्ही दृष्टींनी वाईट, कारण संसर्ग अर्धवट दबतो व जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गळू झाल्यास छेद घेऊन पू काढण्याला पर्याय नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती याची चौकशी करून आवश्यक तर ती पुन्हा देतात. सुईच्या निर्जंतुकतेविषयी शंका असल्यास ब व क प्रकारच्या यकृतशोथासाठी आणि एच. आय. व्ही.साठी रक्ततपासणी करावी लागते. ब प्रकारावर लस उपलब्ध आहे. इतर दोहोंवर तशी लस नाही.

मुखतळाचा पसरता शोथ : या संसर्गाचे सर्वांत भयावह रूप म्हणजे लुडविग अँजायना. १८३६ मध्ये व्हिल्हेल्म फ्रीड्रिख फोन लुडविग (१७९०–१८६५) या जर्मन वैद्यांनी त्याचे वर्णन केले. अँजायना या शब्दाचा येथे हृदयविकाराशी संबंध नाही. गळा आवळला जाणे हा त्याचा मूळ अर्थ येथे अभिप्रेत आहे. बहुतेक रुग्णांत या विकाराचा उगम खालच्या जबड्यातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेच्या मुळाशी असतो. परंतु १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका दंतवैद्यकीय नियतकालिकात जिव्हावेधानंतर तो उद्‌भवल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर दंतवैद्यांचे या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले.

मुखाचा तळ एका आडव्या स्नायूच्या पडद्याने तोललेला असतो. या पडद्याच्या वर जिभेखालची व त्याच्या खाली जबड्याखालची अशा दोन पोकळ्या असून पडद्याच्या मागील कडेवरून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. जिव्हावेधाचे खालचे तोंड वरच्या पोकळीच्या छताशी असते. तेथून संसर्ग दोन्ही बाजूंस आणि मग खालच्या पोकळीत पसरतो. समोर व बाजूंना जबड्याचे हाड असल्याने सूज बाहेर फुगू शकत नाही. ती जिभेला वर व मागे, म्हणजे नेमकी श्वासमार्गाच्या दिशेने ढकलते. येथे पुवाचा साठा फारसा नसतो. ऊतके फळीसारखी कठीण होतात, म्हणून पू नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. जिभेखालचा भाग उचलला जाऊन ताठर होणे, तोंड पुरते न मिटणे वा न उघडणे, लाळ गिळता न आल्याने ती गळणे, आवाज घोगरा व दबका होणे, हनुवटीखाली मान दोन्ही बाजूंनी कठीण होणे, रुग्णाने उठून पुढे वाकून बसणे आणि श्वासाला घरघर येणे, ही लक्षणे क्रमाने किंवा एकदम दिसतात. यांपैकी एक जरी दिसले, तरी गुळण्या, गोळ्या किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांचा विचार सोडून रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सेची व अतिदक्षता कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात यासाठी १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. रुग्णाला आडवे निजवू नये, कारण मागे पडलेली जीभ उरलेली वाटही बंद करते. त्याला बसलेलाच न्यावा व तोंडाने काहीही देऊ नये.

रुग्णालयात प्रथम श्वासमार्ग सुरक्षित करतात. रुग्ण जागा असतानाच लवचिक दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालणे किंवा ते न साधल्यास मानेत श्वासनाल-छेदन करणे, हे निर्णय मिनिटांत घ्यावे लागतात. त्यानंतर नीलेवाटे प्रतिजैव औषधे, क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणाने संसर्गाच्या व्याप्तीची पाहणी आणि आवश्यकतेनुसार पोकळ्या उघडून ताण कमी करण्याचे शल्यकर्म केले जाते. प्रतिजैव औषधांपूर्वीच्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता हे प्रमाण सु. आठ ते दहा टक्क्यांवर आले आहे. यात औषधांइतकाच वाटा श्वासमार्ग वेळीच राखण्याच्या तंत्राचा आहे.

दूरस्थ संसर्ग : जिभेतील जंतू रक्तात शिरून अन्यत्र रुजणे ही दुर्मिळ, पण फसवी घटना होय. फसवी यासाठी, की तोपर्यंत जीभ बरी झालेली असते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतील २२ वर्षांच्या तरुणीची जीभ टोचल्यावर दोन-तीन दिवसांत सुजली व दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला. दागिना काढल्यावर ही लक्षणे ओसरली. सु. एक महिन्याने मात्र डोकेदुखी, ताप, उलट्या व चक्कर सुरू झाली आणि तपासणीत अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) विद्रधी आढळला. हृदयाच्या झडपा सदोष असणाऱ्या व्यक्तींमध्ये मुखातील जंतू झडपांवर वसाहत करून हृदंतःस्तरशोथ (हृदयाच्या आतील अस्तराची दाहयुक्त सूज) निर्माण करतात. जिव्हावेधानंतर असे घडल्याच्या नोंदी २००२ पासून अमेरिकी वैद्यकीय साहित्यात आढळतात. आठवडे चालणारा बारीक ताप, रात्री येणारा घाम, थकवा व वजनात घट एवढीच लक्षणे असल्याने संबंध लक्षात येण्यास उशीर होतो. संधिवाताच्या तापामुळे झडपा खराब झालेले तरुण रुग्ण भारतात अजूनही मोठ्या संख्येने आढळतात. त्यांनी तसेच जन्मजात हृद्‌दोष किंवा कृत्रिम झडप असणाऱ्यांनी जीभ टोचून घेऊ नये, याबाबत हृदयरोगतज्ञांत दुमत नाही. जीभ टोचल्यानंतर काही महिन्यांपर्यंत आलेल्या अनाकलनीय तापाच्या वेळी ही माहिती वैद्याला आवर्जून सांगावी.

संसर्ग नसतानाही दांडी काही हानी करीतच असते. तिच्या सततच्या घर्षणाने खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकते व दातांचे टवके उडतात. दांडी जितकी लांब व जितकी अधिक वर्षे वापरात, तितके हे प्रमाण वाढते. म्हणून सूज उतरल्यावर, साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी, पहिली लांब दांडी काढून आखूड बसवून घ्यावी लागते. हे काम विसरले जाते, असा दंतवैद्यांचा अनुभव आहे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेचा मुखातील कोणत्याही वेधनास विरोध आहे. वेल्समध्ये २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीची जीभ टोचणे हा अपराध ठरविण्यात आला असून ही तरतूद १ फेब्रुवारी २०१८ पासून अंमलात आली.

जे टोचून घेणारच, त्यांनी आधी दातांची तपासणी व किडलेल्या दातांचे उपचार करून घ्यावेत. सुई एकदाच वापरावयाची व बंद पाकिटातून समोर काढलेली, दागिना दाबाखालील वाफेने निर्जंतुक केलेला व शरीरात बसविण्याच्या दर्जाच्या टिटॅनियमाचा, आणि व्यावसायिकाच्या हातात नवे मोजे असावेत. यांपैकी एकाही बाबतीत प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर तेथून उठून यावे हे उत्तम. गोळ्यांच्या फिरक्या रोज धुतलेल्या हातांनी घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे, कारण सुटलेली गोळी गिळली किंवा श्वासनलिकेत ओढली जाऊ शकते. पुढे कोणत्याही कारणासाठी संपूर्ण भूल द्यावयाची झाल्यास जिभेत दागिना आहे हे भूलतज्ञास आधीच सांगावे आणि छिद्र मिटू नये अशी इच्छा असल्यास तात्पुरता काय पर्याय वापरता येईल, याचा विचार शल्यकर्माच्या आदल्या दिवशीच त्यांच्याशी करावा.